नारळासारखी सवत

"वाटी फुटली आहे," डॉक्टर म्हणाले. माझ्या कडेवर पोरगी, हातात तिच्या दुधाची वाटी. मी घाबरून वाटीच बघितली. ते म्हणाले, "बाई, ह्यांच्या गुडघ्याची. फ्रॅक्चर." म्हणजे हाड मोडलं.

आमचे हे परळच्या तबेल्यात कामाला. दर हिवाळ्यात ऑस्ट्रेलियातून जहाजानं घोडे यायचे, त्यांच्यासंगचे गोरे संध्याकाळी मैदानात खेळायचे. चेंडू चामड्याचा, पण गोल नाही, नारळासारखा लांबट. एकदा माणूस कमी पडला म्हणून ह्यांना उभं केलं, ह्यांनी उडी मारून गोऱ्याच्या डोक्यावरून चेंडू धरला. झालं! तीन हिवाळे घरात दुसरं बोलणं नाही. चेंडू सांभाळायलाही ह्यांच्याकडेच.

पोरीच्या बुधल्यातलं तेल त्याला चोळायचे. पोरीला घेतलं नसेल इतका वेळ मांडीवर. शेजारच्या भागीकाकू दारातून म्हणायच्या, "गो, तुझी सवत बघ कशी चकचकीत! तूच वाळलीस."

मी हसायची, आतून जळायची. एकदा देवीला बोलले, "ह्यांचे पाय घरात राहू देत, तुझी ओटी भरीन."

आठवड्याच्या आत हे उडी मारताना गुडघ्यावर पडले, मैदानातून चौघांनी उचलून आणलं.

चाळीत म्हणायचे, इस्पितळात गेलेला परत येत नाही. तरी नेलं. पायाला स्प्लिंट, म्हणजे मागून फळी बांधली. मी रोज व्हरांड्यात बसून. ओटी भरावी तर मागितलेलं पक्कं होईल, न भरावी तर देवी कोपेल. सांगणार कोणाला?

डॉक्टरांना विचारलं, चालतील ना? "चालतील. उडी मात्र विसरा." खरं सांगते, आधी मला बरंच वाटलं. मग ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

फळी सुटली तर गुडघा वाकेना. डॉक्टर म्हणाले, "घरी पायाखाली काहीतरी गोल घ्या, रोज पुढे-मागे लोटा." लाटणं घेतलं, ते निसटलं. शेवटी सवतीलाच खाली काढली. ती कुठली सरळ जाते! पाय घसरला, पोरीनं टाळ्या पिटल्या, आणि हे इतक्या दिवसांनी हसले. माझ्याकडे बघून नाही, चेंडूकडे बघून.

परवा काठी टेकत मैदानावर गेले, नुसते बघायला. मी तशीच देवळात. ओटी भरली, म्हटलं, "आई, माझे शब्द चुकले. पाय जाऊ देत बाहेर. मन तेवढं घरी असू दे."

बायांनो, इस्पितळाला भिऊ नका, त्या डॉक्टरांचं भलं होवो. देवीकडे मागताना मात्र शब्द बघून मागा.

घरी येऊन चेंडूला तेल लावलं, माझ्या हातानं. थोडं कमीच लावलं.