शुक्रवारचे फोटो

सकाळी उठल्यावर माझी मूठ वळेनाशी झाली तेव्हा मला आधी आई आठवली. तिची बोटं अशीच सुजत गेली, मग वाकडी झाली आणि शेवटी आम्हीच तिला घास भरवायचो. आता आपली पाळी, असं मी मनाशी धरूनच टाकलं. पणदऱ्याला आमच्या दारात गाई आहेत. धार काढताना डोळ्यांत पाणी यायचं, पण कुणी विचारलं की तोंडातून निघायचं, "बरं हाय." शुक्रवारची देवीची पूजा मात्र मी चुकवली नाही. दुखऱ्या हातांनी तिला न्हाऊ घालायचे, साडी नेसवायचे आणि खरं सांगते, मनातून तिच्यावर रुसलेली असायचे. एवढं करून घेतेस आणि माझ्या हातांकडे बघतसुद्धा नाहीस?

शेवटी गावातल्या डॉक्टरांनी बारामतीला संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं. निघताना साडी नीट नेसता यावी, बांगड्या चढाव्यात म्हणून मी दुखण्याची गोळी घेतली. चारचौघांत नीटनेटकं जायला नको का! दवाखान्यात शेजारी इंदापूरकडच्या एक मावशी बसल्या होत्या. बोटं थेट माझ्या आईसारखी. माझ्या हातांकडे बघत त्या म्हणाल्या, "पैल्यांदाच आलाय व्हय? गोळी खाऊन आला असाल."

मी मान डोलावली.

"मग आत गेल्यावर ते आधी सांगा. आन् हितं बरं हाय म्हणू नका, बाई. मी लई वर्सं तेच म्हणत बसले."

एवढं बोलून त्या आपल्या नंबराला उठल्या. त्यांचं नावही मी विचारलं नाही.

डॉक्टरांनी घाई केली नाही. सकाळी हात किती वेळ आखडलेले राहतात, आधी कुठला सांधा धरला, ताप येतो का, डोळे कोरडे पडतात का, घरात कुणाला होतं का, सगळं विचारलं. एकेका बोटाचा सांधा दाबून पाहिला. मूठ वळायला सांगितली, तर त्या दिवशी गोळीमुळे ती चक्क वळली! सूजही फारशी दिसेना. "आज कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं. तेच दोन शब्द ओठांवर आले होते, पण मावशींची बोटं डोळ्यांपुढे आली.

"गोळी खाऊन आलेय, डॉक्टर. न्हायतर मला वेणीबी घालता येत न्हाय," म्हणता म्हणता मला रडूच फुटलं. सोबत आलेले यजमान माझ्याकडे बघतच राहिले. त्यांनाही हे नवीन होतं.

"सूज असतानाचा एखादा फोटो आहे?"

"हाताचा फोटो कोन काढतंय, डॉक्टर?" यजमान म्हणाले. "मोबाईलात नुसतं देवीचं फोटो हायत."

पूजा झाली की पुण्यात शिकणाऱ्या लेकीला पाठवायला ते दर शुक्रवारी फोटो काढतात. "दाखवा तरी," डॉक्टर म्हणाले. बघतो तर काय, देवीपुढे निरांजन धरलेले माझे हात प्रत्येक फोटोत होते. डॉक्टर एकेक फोटो मोठा करून मागे मागे जात राहिले. श्रावणात टम्म फुगलेले सांधे, गुढीपाडव्याच्या सुमारास नुसती दोन बोटं सुजलेली, त्याआधी धडधाकट हात. मी रुसून बसले होते आणि देवीने माझं सगळं दुखणं आपल्यापाशी जपून ठेवलं होतं.

"वेळेत आलात," डॉक्टर म्हणाले. "रक्त तपासू, हातांचे एक्स-रे काढू. औषधाचा गुण हळूहळू येतो, मनाने बंद करायचं नाही. आणि आईसारखंच होणार, असं धरून बसू नका."

बाहेर येऊन मी मावशींना शोधलं. त्या गेल्या होत्या. मावशींचं भेटणं, फोटोंत हात सापडणं, कुणी याला योगायोग म्हणेल. मी वाद घालत नाही.

औषध चालू आहे. सकाळचं आखडणं बरंच कमी झालंय, पण पुरतं गेलेलं नाही. मुकाट सोसणं म्हणजेच भक्ती, असं मला वाटायचं. आता हात फारच धरले की देवीला सांगते, "आज माझ्याच्यानं होत न्हाय गं," आणि यजमानांना हाक मारते. ते देवीला साडी नेसवतात, पदर भलत्याच खांद्यावर जातो आणि मी बाजूला बसून हसते. तीही चालवून घेत असणार. मग नैवेद्याचं ताट समोर येतं आणि पहिला घास मी माझ्या हाताने घेते. आईच्या नशिबी हे नव्हतं. म्हणून घास उचलताना देवीच्या आधी मी तिचं नाव घेते.