पेंढ्यातला कर्ब कुठे गेला

शेती संशोधन संस्थेत तिला सगळे मातीवाल्या बाई म्हणत. घरी आई शेजारणीला सांगायची, "लेक डॉक्टर आहे माझी. पेशंट तेवढी ढेकळं." आईचा जन्म शिवणयंत्रावर गेला होता. लेकीच्या बुटांचा चिखल जिन्यावर दिसला की ती कुरकुरायची आणि स्वतःच पुसून काढायची. दुसऱ्या कोणाची त्यावर बोलायची टाप नव्हती.

बाईंचं काम चाले संस्थेच्या जुन्या प्रयोगाच्या शेतावर. ते शेत त्यांच्या सरांनी तरुणपणी आखलेलं. काही पट्ट्यांत कापणीनंतरचा पेंढा जमिनीत गाडायचा, काहींत नाही, आणि मातीत कर्ब, म्हणजे कार्बन, किती साठतो ते वर्षानुवर्षं मोजायचं. कर्ब असला की माती भुसभुशीत राहते, पाणी धरते. पेंढा गाडा, कर्ब वाढतो, असं सरांनी सांगितलं आणि त्यावर त्यांचं मोठं नाव झालं. बाईंना नोकरीवर घेतलं त्यांनीच, आणि माती काढायचं गिरमिट कसं धरायचं तेही शिकवलं त्यांनीच. आता सर निवृत्त झाले होते, पण प्रयोगशाळेत त्यांची चक्कर असायचीच.

आजवर सगळ्यांनी माती घेतली होती ती वरची, वीतभर खोल. बाईंनी ठरवलं, कंबरभर खाली जायचं. खालचा थर असा कडक की गिरमिट फिरवून तळहात सोलवटले. चहाच्या टेबलावर कोणीतरी म्हणालं, "बाई, विहीर खणताय की काय? पाणी लागलं तर कळवा."

"तुम्हालाच आधी कळवीन. अंघोळीची सोय होईल," बाई म्हणाल्या.

माती वाळवली, कुटली, पिठासारखी चाळली, यंत्रात जाळून तपासली. बाईंनी आकडे दोनदा वाचले. पेंढ्याच्या पट्ट्यांत वर कर्ब वाढला होता खरा, पण खाली तेवढाच घटला होता. बेरीज जिथल्या तिथे. आपलंच काही चुकलं असेल म्हणून त्यांनी सगळं पुन्हा केलं. आकडे हलेनात.

पेंढ्याच्याच ज्या पट्ट्यांत मध्येमध्ये तूर-मुगासारखं शेंगांचं पीक घेतलं होतं, तिथे मात्र वरपासून खालपर्यंत कर्ब वाढला होता, आणि त्याच्या जोडीने नत्र, म्हणजे नायट्रोजनही. तेव्हा बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. मातीतल्या जिवाणूंना पेंढा पचवायला नत्र लागतं, आणि पेंढ्यात ते नसल्यासारखंच. मग ते मातीतली खोलवरची जुनी साठवण फोडून नत्र काढतात, आणि तिथला कर्ब हवेत उडून जातो. शेंगांच्या पिकाने हवेतून ओढून नत्र पुरवलं, की जुन्या साठ्याला हात लागत नाही.

शोध मोठा होता. पण त्या रात्री घरी बाई ताट बाजूला सारून बसल्या.

"सरांना कुठल्या तोंडाने सांगू?" त्या आईला म्हणाल्या.

"आहे त्याच तोंडाने. पण आधी त्यांना एकट्याला सांग. चारचौघांत त्यांना पहिल्यांदा कळायला नको."

बाईंनी तसंच केलं. सरांचा चेहरा लालबुंद झाला. "वरची माती खाली मिसळली असेल तुझ्याकडून."

"नाही मिसळली, सर."

"मी माझ्या डोळ्यांनी बघेन!"

दुसऱ्या दिवशी सर जुने बूट घालून शेतावर हजर. गुडघा दुखत होता तरी नव्याने खणलेल्या खड्ड्यात उतरले. जागा त्यांनी निवडली, माती त्यांनी काढली, यंत्रापाशी ठिय्या देऊन बसले. आकडे तेच आले. सर उठले आणि निघून गेले. त्यानंतर त्यांची चक्कर बंद झाली. प्रयोगशाळेत पाऊल वाजलं की बाई दाराकडे बघत, आणि दुसरंच कोणी आत येई.

बाहेरच्या शास्त्रज्ञांपुढे निष्कर्ष मांडायचा दिवस आला. सभागृह गच्च भरलेलं. पहिल्याच रांगेत सर दिसले. तरी बाईंनी सगळं स्पष्ट मांडलं, एक आकडा गाळला नाही. शेवटी कोणीतरी विचारलंच, "म्हणजे सरांचं चुकलं होतं?"

बाईंनी उत्तर देण्याआधीच सर उभे राहिले.

"अर्धं राहिलं होतं, असं ही म्हणेल. सभ्य आहे. पण चुकलंच होतं. मी वीतभर खणून थांबलो, ही थांबली नाही. मी पुन्हा जाऊन खणलं, तरी हिचंच खरं निघालं." मग बाईंकडे बोट करून म्हणाले, "मात्र गिरमिट हिला मी शिकवलंय. तेवढं श्रेय माझ्याकडे राहू द्या!"

सभागृह हसलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेत आईने शेजारच्या अनोळखी माणसाला कोपराने ढोसलं. "ती माझी," ती म्हणाली.

संस्थेने शेतकऱ्यांना द्यायचा सल्ला बदलला. पेंढा गाडा, पण शेंगांच्या पिकाला जोडून. त्या सल्ल्याखाली सरांनी आपल्या सहीच्या आधी बाईंची सही घेतली.

निष्कर्ष मांडला त्या दिवशी सभागृहाबाहेर सर आईला म्हणाले होते, "तुमच्या मुलीने मला भर सभेत खोटं पाडलं हो."

"हट्टी आहे पहिल्यापासून," आई म्हणाली. तक्रारीचा सूर लावायचा तिने प्रयत्न केला, पण तो काही तिला जमला नाही.