काठावरचा गाळ

चूक अश्वजितची होती, आणि ती त्यानं मोठ्या हौसेनं केली.

नेर रोडवरच्या दिपाली वॉटर पार्कात तो तिकीट खिडकीवर बसे. बी.ए. झालेला, म्हणून पार्कचा मोबाईलही त्याच्याच ताब्यात. एप्रिलातल्या एका सोमवारी हौद सांभाळणाऱ्या रामधन राठोडनं मोठा हौद रिकामा करून तळ घासला आणि घमेल्याघमेल्यानं गाळ वर काढून काठावर नीट पसरून ठेवला. मधोमध एक मेलेला बेडूक. त्याच्या तांड्यात विहीर उपसली की असंच करतात. गाळ काठावर ठेवायचा, गावानं येऊन पाहायचा, आणि मग निर्धास्त पाणी भरायचं. ढीग जितका मोठा, तितकं काम इमानदारीचं.

अश्वजितच्या आजोळीही हीच रीत, म्हणून त्याला ते मनापासून पटलं. त्यानं व्हिडिओ काढून पार्कच्या नावानं दोन तुकड्यांत टाकला. पहिल्या तुकड्यात गाळ, दुसऱ्यात भरलेलं निळंशार पाणी. खाली लिहिलं, ‘आम्ही काही लपवत नाही.’

पहिला तुकडा दोन दिवसांत यवतमाळ फिरून अमरावतीला पोचला. दुसरा नऊ वेळा पाहिला गेला, त्यात दोनदा अश्वजित स्वतःच होता.

रामधन साठीला टेकलेला. उमेदीची वीस वर्षं राजूरला खाणीतलं काळं पाणी उपसायच्या पंपावर गेली. “तिथं पानी काढलं, इथं भरून राह्यलो. पान्याचं मायावर काही कर्ज असन,” असं सांगून तो स्वतःच हसायचा. पार्क सुरू झालं तेव्हापासून चौदा वर्षं पंप, गाळणी, हौद सगळं त्याच्याकडे. सकाळची पहिली बुडी त्याची. जिभेवर थेंब घेऊन औषध कमी की जास्त ते तो सांगे. त्यासाठी आणलेलं यंत्र ऑफिसात होतं, सेल संपलेलं.

“काका, चव घेता घेता एक दिवस हौद खाली कराल,” अश्वजित चिडवायचा.

“तुया पगारापेक्षा गोड लागते,” रामधन म्हणायचा.

त्याची बायको जमनी मात्र चौदा वर्षांत एकदाही आत आली नव्हती. दर कामगाराला वर्षाला घरच्यांसाठी एक पास मिळे. पण उन्हाळा म्हणजे सीझन, सीझनमध्ये सुटी नाही, आणि सीझन संपला की हौदात पाणी नाही. यंदा जमनीनं बजावलं होतं, त्या उंच घसरगुंडीवरून एकदा खाली यायचंच, मग मेली तरी चालते. अश्वजितनं पास कबूल केला होता. फक्त शिक्का मालकाच्या ड्रॉवरमध्ये होता. “उद्या देतो काका,” म्हणता म्हणता आठवडा गेला होता.

तीन शाळांनी सहली रद्द केल्या. लग्नाच्या वऱ्हाडांनीही तोंड फिरवलं. मालक पंजाबरावांनी अश्वजितला खोलीत बोलावलं.

“हे जनावर तीनशे पासष्ट दिवस खाते आन् पंच्याहत्तर दिवस दूध देते,” ते म्हणाले. “लाइटबिल पावसाळ्यातही येते. टँकर आत्तापासून सुरू हायेत. आन् तू ऐन सीझनात त्याच्या पोटात लाथ घातली.”

“भाऊ, व्हिडिओ मी टाकला. मलेच काढा.”

“तुले काढलं तर लोकं म्हनतीन, खरं दाखोलं म्हून काढला. गाळ ज्याच्या हातात दिसते, त्यालेच काढा लागते. लिही नोटीस.”

तो गाळच तर सफाईचा पुरावा होता. हे वाक्य अश्वजितच्या ओठावर आलं होतं. त्यानं ते गिळलं आणि टाइप करायला घेतलं.

रामधनला वाचता येत नव्हतं. त्यानं गेटवरची नोटीस अश्वजितकडूनच वाचून घेतली. ‘निष्काळजी कर्मचाऱ्यास कामावरून कमी करण्यात आले आहे.’

“निष्काळजी म्हंजे?”

“काळजी न घेणारा.”

 पायातल्या रबरी चपला काढून रामधननं पंपाच्या खोलीच्या दाराशी ठेवल्या. त्या पार्कच्या होत्या.

“मंग जमनीचा पास?”

“उद्या देतो काका.”

नोटिशीनं गिऱ्हाईक आलं नाही. उलट लोक म्हणाले, बघा, कबूल केलं. नव्या माणसानं यंत्रात सेल टाकले, आकडे वहीत उतरवले, आणि तळ कधी घासलाच नाही. दुसऱ्या आठवड्यात पाणी हिरवं झालं; या वेळची घाण खरोखरची होती. मे निम्मा व्हायच्या आत गेटला कुलूप लागलं. बावीस माणसं घरी बसली.

शिक्का मारलेला पास खिशात घालून अश्वजित शेवटी रामधनच्या तांड्यावर गेला. विहिरीचा उपसा चालू होता. काठावर काळ्या गाळाचा ढीग, आणि दोन म्हातारे तो काठीनं टोकरून माना डोलवत होते.

“अश्वजित ना तू?” जमनीनं त्याला ओळखलं. रामधनच्या मोबाईलवरच्या फोटोत तिनं त्याला पाहिलं होतं. “पानी कवा भरून राह्यले तुमी? माही घसरगुंडी राह्यली बरं.”

“भरतीन काकी.”

“कोन हाये वरतं?” विहिरीतून आवाज आला.

“मी, अश्वजित.”

 दोर हलला आणि भरलेलं घमेलं वर आलं. अश्वजितनं ते धरलं आणि काठावर रिकामं केलं.

“नीट पसरून ठेव,” रामधन म्हणाला. “लोकाईले दिसलं पायजे.”

अश्वजितनं दोन्ही हातांनी गाळ पसरला. गाळानं भरलेल्या त्या हातांनी खिशातला पास काही काढता आला नाही.