मावा पडलाय

सासूबाईंचं माहेर कानडी. आंब्याला त्या अजून 'मावु' म्हणतात. घरात दोन्ही भाषा चालतात, कधी अडत नाही. यंदा पाडव्याच्या आदल्या दिवशी अडलं.

सकाळी नवरा बागेतून आला आणि दारातूनच ओरडला, "मावा पडलाय गं, सगळ्या झाडांवर." मावा म्हणजे कीड. दोनदा फवारलं होतं, तरी मोहर चिकट होऊन काळा पडला आणि बोराएवढ्या कैऱ्या गळाल्या. यंदा फळ धरलं नाही तर झाडं काढायची आणि स्वतः कोळारच्या गोदामात कामाला जायचं, हे त्यानं आधीच ठरवलं होतं. झाडं सासूबाईंनी लावलेली. विहिरीकडचं पहिलं.

त्यांना कमी ऐकू येतं. त्यांनी ऐकलं, मावु पडलाय. म्हणजे कैऱ्या उतरल्या. पाडव्याला आमच्याकडं नव्या मडक्यात बेवू करतात: चिंचेचं पाणी, गूळ, कडुलिंबाची फुलं आणि कैरीचा कीस. गल्लीत सगळ्यांना कैरी आमच्या बागेतली. त्यांनी ओट्यावरूनच हाका घातल्या.

मी भाकरी थापत होते. अंगणात बायका टोपल्या घेऊन हजर.

"अक्का, औंदा मोठी पाटी आणलेय," शेजारीण म्हणाली. "मागल्या साली दोन कैऱ्यांवर कटवलीस."

"कैऱ्या आल्या म्हणून कोण सांगितलं?"

"तुझी सासूच वरडायलीय की!"

काय झालं ते मी सांगितलं. बायका पोट धरून हसल्या. शेजारीण सासूबाईंच्या कानाशी गेली, "मावु न्हाई ओ, मावा! कीड!"

तेवढ्यात नवरा फोनवर करवतवाल्याला म्हणाला, "उद्या सण हाय. परवा ये." हसणं थांबलं. बायका रिकाम्या टोपल्या घेऊन गेल्या.

"कामून काढायलास?" सासूबाई म्हणाल्या. "पुढल्या साली येतंय की."

"मागल्या सालीबी हेच म्हणलीस, अव्वा."

पाडव्याला मी बेवू केला. कडुलिंब मात्र भरभरून फुलला होता. सासूबाईंनी एक घोट घेतला. "मावु कमी पडलाय."

"व्हय," मी म्हणाले. घातलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी करवत सुरू झाली. तो आवाज त्यांना ऐकू आला.

"कुठलं झाड?"

"विहिरीकडचं."

उरलेला बेवू मी म्हशीच्या आंबोणात ओतला.