बंद कानांनी रायपूर

विमान रायपूरवर उतरायला लागलं आणि माझे दोन्ही कान बंद झाले. सर्दी असताना विमानात बसू नये, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीत कामगारसभेत माझं भाषण होतं. विषय : रोलिंग मिलमधला गोंगाट आणि कामगारांचे कान. बॅगेत पत्रकं, पत्रकावर ठळक मागणी : 'प्रत्येक कामगाराच्या कानांची सक्तीची तपासणी झालीच पाहिजे!' उद्गारचिन्ह माझं.

आधी कानात कापूस कोंबल्यासारखं झालं, मग खिळा ठोकल्यासारखं. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "नाक दबाओ और फूँको."

मी फुंकलं. डोळ्यांतून पाणी आलं, कान तसेच.

"और ज़ोर से!"

दुसऱ्याच्या कानाच्या बाबतीत माणसं फार शूर असतात.

विमानतळाबाहेर नवी राजधानी पसरलेली. रुंद रस्ते, आखीव दुभाजक, दर खांबावर हसणारे पुढारी; चालणारा माणूस मात्र औषधालाही नाही. मला काही ऐकू येत नव्हतं, त्यामुळे शहर अतिशय सुसंस्कृत वाटलं. सरकारनं सगळ्या पाहुण्यांना असंच आणावं. ही सुसंस्कृतता भनपुरीपर्यंत, म्हणजे मावशीच्या वस्तीपर्यंत टिकली. तिथे रिक्षातून उतरले, तर एक ट्रक माझ्या पाठीशी येऊन थांबला. तो हॉर्न वाजवतोय, हे मला ड्रायव्हरचा चेहरा पाहून कळलं.

मावशी दारातच उभी होती. "काहून गं, कधीची आवाज देऊन राहिली मी! तुले ऐकू येऊन नाही राहिलं का?"

मग उपचार सुरू झाले. मावशीनं ओवा भाजून पुरचुंडीचा शेक दिला. पाऱ्यातल्या (मोहल्ल्यातल्या) एक दीदी लसूण उकळलेलं तेल घेऊन आल्या. ते मी कानात घालू दिलं नाही, तर त्या रागावून गेल्या. चावल्यानं कान सुटतो असं कोणीतरी सांगितलं, म्हणून फरा (तांदळाच्या पिठाचे वाफवलेले लांबट मुटके) टोमॅटोच्या चटणीशी तीनदा वाढून घेतला. पोट भरलं. कान बंद.

संध्याकाळी मावसाजी (मावशीचे यजमान) रोलिंग मिलमधून आले आणि टीव्ही लावला. इतर वेळी त्यांच्या टीव्हीनं भिंती हादरतात. आज पहिल्यांदा तो मला बेताचा वाटला. घरात फक्त मावसाजींचंच बोलणं मला नीट ऐकू येत होतं, कारण ते ओरडूनच बोलतात. जन्म लाल सळयांच्या खडखडाटात गेलेला. आम्ही दोघं मजेत गप्पा मारत बसलो आणि बाकीचं घर कानांवर हात ठेवून.

जेवणानंतर त्यांची मुलगी सोनू त्यांच्या पाठीमागे उभी राहून काहीतरी पुटपुटायला लागली. मी विचारलं, हे काय?

"कल पापा का फिटनेस है ना, दीदी," तिनं ओरडून सांगितलं. "डॉक्टर पीछे से धीरे बोलता है, 'खाना खाया?' हर साल वही. बोलना है, 'हव (हो), खाया.' बस."

"पण प्रश्न ऐकूच आला नाही तर?"

"सामने वाला नाक खुजाता है. तब बोलना. पूरा प्लांट पास होता है."

मी उठलेच. ही फसवणूक आहे, डॉक्टरची आणि मालकाची मिलीभगत आहे, असं सगळं बोलले आणि पत्रक मावसाजींच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"म्हणजे खरी तपासणी करा म्हणते तू?"

"अर्थात!"

"अन् मी बहिरा निघालो का सांगतीन, जा घरी. गेल्या वर्षी एका पोट्ट्याले असंच काढलं. तो बिचारा खरं बोलला होता. मालकानं मले कानानं मारलं, तू आता कागदानं मार!"

मावशीनं टीव्ही बंद केला. सोनूचं कॉलेज त्या नोकरीवर चाललं होतं.

सकाळी ते म्हणाले, "चाल, डॉक्टर येऊनच राहिले, तुहा कान बी दाखवून टाकू." उरल्यातल्या त्यांच्या मिलच्या गेटजवळच्या खोलीत डॉक्टर बसले होते. मी सांगितलं, विमानात कान बंद झालेत, काहीच ऐकू येत नाही. त्यांनी मोबाइलमधून मान वर न करता बोट फिरवलं : पाठ करा. मी पाठ केली. समोर मावसाजी उभे, रांगेत माझ्यानंतरचा नंबर त्यांचाच.

मागे काय बोललं गेलं, मला कळलं नाही. मावसाजींनी नाक खाजवलं.

खरं सांगितलं असतं, तर हा माणूस कदाचित आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीतून उठून तपासायला लागला असता आणि पुढचा कान मावसाजींचा होता. मी, भ्रष्ट यंत्रणेविरुद्ध पाच जिल्ह्यांत घसा फोडलेली मी म्हणाले, "हव, खाया."

"बिल्कुल ठीक है कान. नेक्स्ट."

मग मी समोर जाऊन उभी राहिले आणि वेळेवर नाक खाजवलं. सर्दीमुळे अभिनयाची गरज पडली नाही. मावसाजी पास.

दुपारच्या सभेआधी प्रत्येक पत्रकावरची मागणी पेनानं खोडली आणि लिहिलं : 'कान गेल्यामुळे कोणालाही कामावरून काढणार नाही, हे आधी लेखी द्या. मग तपासा. आणि गोंगाट आजच कमी करा.' भाषणात मी किती मोठ्यानं बोलत होते, मला कळत नव्हतं. मागणीच्या बाजूनं हात बरेच वर झाले. मावसाजींचा नाही, ते मागे बसले होते, त्यांना ऐकूच गेलं नव्हतं. मी पत्रक नेऊन दिलं. वाचून ते गेटच्या बाहेरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हे पहिले काहून नाही लिहिलं?" आणि हात वर केला.

परत येताना विमानाचं नाव काढलं नाही. नागपूरची गाडी धरली. डोंगरगड गेल्यावर एक जांभई आली आणि कान उघडले : चहावाला, रडकं मूल, चाकं, सगळं एकदम. माझे जांभईनं उघडले. मावसाजींचे आता उघडायचे नाहीत. त्यांना वर्षभराची मुदत तेवढी मिळाली आहे. तेवढ्यात मालकाकडून लेखी घ्यायचंय. तोवर, जन्मात पहिल्यांदाच, एका निकम्म्या डॉक्टरची बदली होऊ नये असं मला मनापासून वाटतं आहे.