बोलिव्हियातला झोका

दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय बातमी छापायची नाही, या शिस्तीत मी नोकरी केली. चमत्कार, साक्षात्कार यांवर विश्वास तेव्हा नव्हता, आजही नाही... तरीही हे लिहितो आहे.

इंटरनेट घरोघरी येण्यापूर्वीची गोष्ट. नारायण पेठेतल्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत मी जगातल्या अपरिचित ठिकाणांवर सदर लिहायचो. स्वतः कुठेच गेलेलो नव्हतो — वृत्तसंस्थेचा मजकूर, एखादा फोटो आणि नकाशा, एवढ्यावर काम चालायचं. लिहिलेलं मोठ्याने वाचलं की चुका सापडतात, म्हणून कोथरूडच्या घरी आईला वाचून दाखवायचो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकल्याने तिला उजेड-अंधाराखेरीज काही दिसत नव्हतं.

त्या दुपारी बोलिव्हिया वाचत होतो. मिठाच्या वाळवंटाच्या कडेला टाकून दिलेली, गंजलेली रेल्वे इंजिनं.

“एका इंजिनाला झोका बांधलाय,” आई म्हणाली. “ते का नाही लिहिलंस?”

“मजकुरात नाही, आई.”

“मजकूर लिहिणारा बसला नसेल. मी बसले. वारा काय गार आहे!”

मी हसलो. झोका छापला नाही.

सदर प्रसिद्ध झाल्यावर दक्षिण अमेरिका फिरून आलेल्या एक बाई कार्यालयात आल्या.

“अहो, सगळं लिहिलंत, झोका कसा राहिला?”

त्यांनी फोटो पुढे केला. गंजलेलं इंजिन, साखळ्या, फळी...

घरी येऊन विचारलं, तेव्हा आई इतके दिवस मोतीबिंदूचं ऑपरेशन का टाळत होती ते कळलं.

“तू वाचतोस तेव्हा मला तिथलं दिसतं. डोळे आले की हे जाईल.”

डॉक्टरांनी तर बजावलं होतं — आणखी थांबलात तर नजर परत येण्याची खात्री नाही.

“आणि मी? मी दिसायला नको तुला?”

“तुझ्यात काय बघायचंय? बोलिव्हिया आहेस का तू?”

पण सकाळी तीच म्हणाली, “घे तारीख डॉक्टरांची.”

पट्टी निघाली. ती माझ्याकडे बघतच राहिली.

“केस कधी पिकले रे तुझे?”

त्या रविवारी तिला नवा मजकूर वाचून दाखवला. तिने डोळे घट्ट मिटून ऐकला.

“दिसलं काही?”

“नाही रे. नुसता तुझा आवाज.”

याचा खुलासा माझ्याकडे नाही. आई पुढे चष्मा लावून स्वतः पेपर वाचू लागली. मी मात्र खोलीत एकटाच मजकूर मोठ्याने वाचायचो, आणि मध्येच थांबून डोळे मिटून बघायचो.