जाईचा मांडव

टेंभुर्णीच्या शाळेत शिकवत होतो तेव्हा दारच्या जाईला लाकडी मांडव करायला एक सुतार आला होता. मासिकातलं जपानी घराचं चित्र दाखवत मी ऐटीत म्हणालो, "बघा, एकही खिळा नाही!"

त्यानं चित्रावरून अंगठा फिरवला. "बैलगाडीच्या आऱ्यांना तरी कुठं खिळा ऱ्हातो, गुरुजी?"

मग दिवसभर तो सागाच्या पट्ट्यांना खाचा पाडत बसला. प्रत्येक सांधा जुळवायचा आणि लगेच सोडवायचा. मला राहवेना. "जुळलेलं सोडवता कशाला?"

"जुळाया काय, समदंच जुळतं. सुटतं का, ते बघतुया. उद्या पट्टी कुजली, तर येलीला धक्का न्हाई लागला पायजे."

काही वर्षांनी एक पट्टी कुजलीच. सांध्यातली लाकडी खुंटी काढून मी पट्टी अलगद ओढली, नवी सरकवली आणि खुंटी ठोकण्याआधी पुन्हा एकदा सोडवून बघितली.